आईचा फोटो पाटीवर

मुक्काम दोहा

तीर्थरूप अक्का, तुला अंगदचा नमस्कार.

मी बरा हाय. जेवण टायमाला मिळतं. फोनवर बोलता येईना म्हणून लिहितोय. चकलांब्याचा बजरंग सुट्टीवर निघालाय, त्याच्याजवळ चिठ्ठी देतो. तुझ्या संस्कृतीला अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रवेश मिळाला का?

आई गेली तवा मला येता आलं न्हाई. अजून रडू बी आलं न्हाई. कामावर जातो, येतो, झोपतो.

आमच्या मालकाला पिझ्झा-बर्गरसारखी जगभर दुकानं काढायचीत, पण एकेका देशाच्या घरगुती जेवणाची. म्हणून त्यानं किचनमधल्या सगळ्यांना आपापल्या घरचा पदार्थ करायला लावला. नेपाळच्या दिलबहादूरनं ढिंडो केला, म्हंजी पाण्यात शिजवलेला पिठाचा घट्ट गोळा. म्हणाला, "लंडनच्या विमानतळावर लोक ढिंडोसाठी लायनीत उभे राहतील." समदे लई हसले.

मी ज्वारीची भाकरी आन् उडदाचं घुटं केलं. मला चवच लागंना, मीठ बरोबर हाय का ते दिलबहादूरला चाखायला लावलं. मालकानं मात्र दोनदा वाढून घेतलं.

"कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.

"आईनं."

"मग दुकानाच्या पाटीवर तिचाच फोटो लावू. तिची हरकत न्हाई ना?"

अक्का, आई गेल्याचं हितं मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. तोंडातून निघून गेलं, "विचारून सांगतो."

काल त्यानं परत विचारलं. मी म्हणालो, "ती लाजतीय."

लाजली असती ना गं?

दाजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा धाकटा,
अंगद