धुऊन परत दिलेली गाडी

रवि., ९ फेब्रु.
आज नळाला पाणी, म्हणजे गाडीची आंघोळ. बोअरचं पाणी मी लावत नाही. ते वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके काळ्या रंगावर चिकटून बसतात. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच शाम्पूत. वरून खाली यायचं, चाकं शेवटी. ऊन यायच्या आत पुसून कोरडी, मग मेण.

समोरचे काका तोंडात ब्रश धरून बघत होते. म्हणाले, मॅडम, एवढ्या निगुतीनं आम्ही देवसुद्धा धूत न्हाई. स्वतःची गाडी रोज कोरड्या फडक्यानं पुसतात, धुळीसकट. ऊन तिरपं पडलं की त्यांच्या गाडीच्या दारावर बारीक रेघांचं कोळ्याचं जाळं दिसतं. मागे एकदा सांगितलं तर म्हणाले, पुसायचं न्हाई तर काय चाटायचं?

शि.ला पण हजारदा सांगून झालं. दुकानातून येतो, हातातलं फडकं बॉनेटवर फटकारतो. तोंडावर मी 'अहो' म्हणते, इथे 'तो'. नवऱ्याच्या बाबतीत एवढं स्वातंत्र्य वहीत घ्यायला हरकत नाही.

दुपारी उदगीरहून अक्कांचा फोन. शि.ची थोरली बहीण. शि. गच्चीवर जाऊन बोलला. म्हणजे काहीतरी आहे.

मंगळ., ११ फेब्रु.
आहे ते कळलं. अक्कांच्या महेशचं लग्न तेवीसला, नवरदेवाची गाडी म्हणून माझी हवी. काळी शोभून दिसते म्हणे.

मी नाही म्हणाले. गेल्या वर्षी अक्कांच्या शेजारच्यांची गाडी पाहिली होती, सेलोटेपनं फुलं चिकटवलेली, टेप काढताना रंगाचा पोपडा निघालेला. म्हटलं, तुम्ही सगळे चला, मी स्वतः चालवत आणते, पण फुलं नाहीत. शि. म्हणाला, "नवरदेवाची गाडी बाई चालवणार? लोक काय म्हणतील?"

पंधरा वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवून ही गाडी घेतली. लग्नातली भांडी यांच्या घरची, प्लॉट याच्या नावावर, दुकान याचं. कुणाला न विचारता मी घेतलेली या घरात ही एकच वस्तू. मला एवढंच हवंय, की तिच्यासाठी माझं 'नाही' हे 'नाही'च असावं.

"बघू," म्हणाला. त्याच्या 'बघू'चा अर्थ मला माहीत आहे.

शनि., २२ फेब्रु.
बारावीचा पेपर, सुपरव्हिजन. दुपारी घरी आले तर गेटात गाडी नाही. खिळ्याला किल्ली नाही. फोन केला तर शि. अहमदपूरच्या पुढे पोहोचलेला. रागावू नको, एका दिवसाचं तर हाय, तू उद्या एस.टी.नं ये म्हणे.

माझी गाडी पुढे, मी मागून एस.टी.नं.

जेवले नाही. वर्गात कुणी न विचारता पेन उचललं तर आम्ही त्याला चोरी म्हणतो. इथे काय म्हणायचं?

रवि., २३ फेब्रु.
परतीच्या एस.टी.त लिहितेय, अक्षर हलतंय.

मंडपासमोर उभी होती. ओळखली नाही आधी. बॉनेटवर गुलाबांचा बदाम, टपावर झेंडू, दारांवर खाकी टेप. परण्याला, नवरदेवाच्या मिरवणुकीत, मारुतीच्या देवळापर्यंत पोरांनी फेसाचे फवारे मारलेले, ते काचेवर वाळलेले. हळदीचे दोन पंजे बॉनेटवर, शुभ म्हणून. मागच्या काचेवर महेश आणि सुनेचं नाव थर्माकोलचं.

भांडले नाही, लग्नघर. अक्षता टाकल्या, नवी सून पाया पडली, आशीर्वाद दिला. मग शि.ला जेवणाच्या रांगेतून बाजूला घेऊन हळू आवाजात पण नीट सांगितलं: "कशालाही हात लावायचा नाही. टेप नाही, हळद नाही. आहे तशी घरी आणा, मी काढते." गरम पाणी, खोबरेल तेल, धीर. निघालं असतं सगळं. अजून मेणाचा थर होता वर.

हो म्हणाला. हातात जिलेबी होती, पण हो म्हणाला.

गाडी रात्री वरातीलाही लागणार होती, मला सकाळी कॉलेज. माझ्याबरोबर येतो का, हे मी त्याला विचारलं नाही. लोह्याला एस.टी. थांबली. चहा घेतला. बेचव.

सोम., २४ फेब्रु.
सकाळी कॉलेजला गेले तेव्हा आली नव्हती. चारला परतले तर दारात चकाचक. एक पाकळी नाही, टेपचा धागा नाही. क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग ऊन बॉनेटवर आलं.

गोल गोल रेघा. बॉनेटभर, दोन्ही दारांवर, टपावर. तारेच्या घासणीनं पितळी घागर घासावी तशी घासलेली. हात फिरवला तर बोटाला लागतंय. मेण सोडा, त्याखालचा चकाकीचा थरच खरवडलाय. हळदीचे पंजे मात्र तसेच आहेत, फिकट पिवळे.

पुढच्या सीटवर नारळ, खण आणि बुंदीचा डबा.

शि.ला फोन केला तर गिऱ्हाईक आहे म्हणाला. होतंच असेल.

मंगळ., २५ फेब्रु.
संध्याकाळी सांगितलं त्यानं. अक्कांनी स्वतः आणि घरातल्या तीन बायकांनी पहाटे घासली. लग्नाची भांडी चालली होतीच, तीच घासणी, तीच पावडर.

"तुम्ही कुठे होतात?"

तिथंच होता. उभा. अक्का घासून राहिली होती, तिला काय सांगू, म्हणे.

मी सांगितलेलं एक वाक्य त्याला सांगता आलं नाही. थोरल्या बहिणीला थांबवणं जड, बायकोची गाडी खरवडलेली बघणं सोपं. बुंदीचा डबा उचलून ओट्यावर आपटला. झाकण उडालं. झाडून मीच काढली.

बुध., २६ फेब्रु.
शिवरात्र. उपास, आणि डोकं तापलेलं.

पूजा आटोपते तोच अक्कांचा फोन, माझ्या मोबाइलवर. आवाज लग्नानं बसलेला, पण खूश. "पोचली का ग गाडी नीट? कशी झालती? आम्ही चौघींनी घासली बघ, कामवालीला हात लावू दिला न्हाई. मागून आणलेलं भांडं तसंच खरकटं कसं दिऊ, मंगल? पंजे तेवढे न्हाई निघाले माय, लई घासले."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, साठीची बाई, गुडघे धरलेले, पहाटे उठून. रिकामं भांडं देऊ नये म्हणून वर बुंदी.

मी म्हणाले, छान झाली, अक्का.

फोन ठेवला तर शि. दारात. "सांगितलं का मग तिला?" मी पूजेचं ताट उचललं. "न्हाई ना? तूच सांगितलं न्हाईस. मला मग दोन दिवस कशाला बोलून राहिलीस?"

त्याच्यावर एवढा राग आयुष्यात आला नव्हता. तो बरोबर बोलला म्हणून जास्त.

पण नाही. बरोबर नाही. मी घासून झाल्यावर गप्प बसले, तो घासताना. आणि किल्ली मी नेली नव्हती. हे त्याच्या तोंडावर तेव्हाच सुचायला हवं होतं, भगर खाताना सुचलं.

रवि., २ मार्च
पॉलिश घेऊन बसले. आधी दाराचा वीतभर तुकडा. बारीक रेघा गेल्या, खोल तशाच. जास्त घासलं तर उरलेला थरही जाईल. थांबले. बॉनेट पुन्हा रंगवावंच लागेल, आणि मूळ रंग तो मूळ रंगच.

काकांनी विचारलं, काय झालं मॅडम? गाडी लग्नाला गेली होती, मी म्हणाले. त्यांना कळलं बहुतेक. पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

किल्ली आता माझ्या पर्समध्ये असते. खिळा रिकामा. शि. येता-जाता बघतो त्याच्याकडे.

रवि., ९ मार्च
नळाला पाणी. रेघा असल्या तरी गाडी धुतेच.

शि. बाहेर आला, दुसरी बादली भरून आणून ठेवली. फडकं आणलं नव्हतं, तेवढं पाहिलं. राग गेला असं नाही. बादलीनं जाणार नाही तो.

तेवढ्यात अक्कांचा फोन, त्याच्या मोबाइलवर. स्पीकर लागला होता. लातूरला त्यांच्या पुतणीचं लग्न, एप्रिलात. महेशच्या लग्नातली गाडी बघून सगळे म्हणाले, तीच पाहिजे. शुभ हाय म्हणे. आणि काळजी करू नको शिवा, परत देताना आम्ही...

शि.नं माझ्याकडे बघितलं. 'बघू' येणार, मला माहीत होतं. आला नाही. घसा खाकरला, म्हणाला, "अक्का, गाडी मंगलची हाय. मागच्या टायमाला बी तिला न इचारता आणलती मी. तिलाच इचार." आणि फोन माझ्यापुढे धरला.

खरंच कबूल केलं, की माझ्या माथी मारून मोकळा झाला? त्याच्या तोंडाकडे बघून कळेना.

पलीकडून अक्का. मंगल? ऐकून राहिलीस का?

हातमोज्यातून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. समोर बॉनेट, त्यावर ते दोन पिवळे पंजे. नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. का नाही, हे सांगावं लागणार होतं, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पहाटे घासणाऱ्या बाईला ते सांगायचं होतं.

म्हणाले, अक्का, हात ओले आहेत, मी फोन करते थोड्या वेळानं.

सकाळी साडेसातची गोष्ट. आता पाच वाजलेत. हात कधीच वाळलेत.