घुमटाच्या चुन्याचा मान

मी काशाप्पा बिन बसवंतप्पा, वय अदमासे सत्तर, धंदा गवंडीकाम, मूळ राहणार हळ्ळीखेड, हल्ली मुक्काम बीदर, आपल्या राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवीत आहे. गुडघे गेले, दम पुरत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. मला लिहिता येत नाही. मी सांगतो आणि अर्जनवीस रामकिशन लिहितात. मधेमधे मी जे बोलेन ते गाळू नये, असे त्यांना बजावले आहे.

कलम पहिले. राहते घर मुलगा हणमंतप्पा याला. त्याने आईला, म्हणजे माझी पत्नी बाणूबाई हिला, तिथून हलवू नये. थापी, ओळंबा, गुण्या मात्र त्याला देत नाही. तो आता सिमिटाची कामे घेतो, आणि परवा माझ्या थापीने त्याने कोळसा फोडला. जुन्या इमारतीवर चुन्याने काम करणारा कोणी भेटला तर बाणूबाईने त्याला ही अवजारे द्यावीत. न भेटल्यास राहू द्यावीत.

कलम दुसरे. धाकटा भाऊ लिंगाप्पा याला काही नाही. परसातला चुन्याचा खड्डा बुजवून गोठा बांधू म्हणून त्याने सात वर्षे माझे कान खाल्ले. आता भांडायचीही ताकद नाही, म्हणून लिहून ठेवतो.

कलम तिसरे. तो खड्डा व त्यात भिजत असलेला चुना पत्नी बाणूबाई हिचा. मी देतो असे लिहू नये, तो तिचाच आहे. गावाबाहेरच्या जुन्या मकबऱ्याचा घुमट दुरुस्तीला निघाला तेव्हा आधीच्या टोळीचा गिलावा एका पावसाळ्यात गळून पडला होता. चुना कच्चा होता. काम माझ्याकडे आले आणि मीही तशीच घाई करू लागलो. मुकादम डोक्यावर बसलेला. बाणूबाईने चुना बोटात चोळून पाहिला, खडा लागला, तशी ती खड्ड्यावरच्या फळीवर जाऊन बसली.

"न्हाई मुरला अजून. कामून घाई करायलाव? घुमट काय पळून जायलाय?"

मी तिला चारचौघांत नको ते बोललो. ती उठली नाही. चार महिने चुना मुरू दिला, मग बैल जुंपून दगडी चाकाच्या घाणीत मळला, हिरड्याचे आणि गुळाचे पाणी आपल्या हाताने घातले. नऊ पावसाळे झाले, त्या गिलाव्याला साधी चीर नाही.

कलम चौथे. सनद व शाल. काम पुरे झाल्यावर हैदराबादेहून मोठे साहेब आले. घुमट पाहून खूश झाले, विचारले, "चूना किसने बनाया?" मी म्हणालो, "मैंने, हुजूर." त्यांनी तिथेच माझ्या नावाने शाबासकीची सनद दिली, अंगावर शाल घातली. बाणूबाई घाणीपाशी कासरा धरून उभी होती. तिने ऐकले. घरी येऊन तिने भाकरी वाढली. तेव्हापासून ती सरपणालासुद्धा लांबच्या वाटेने जाते, पण त्या घुमटाखालून जात नाही. मला याची फार लाज वाटते. आज सांगेन, उद्या सांगेन करीत नऊ वर्षे घालवली. सबब सनद व शाल बाणूबाईची. माझ्यामागे हणमंतप्पाने अर्ज करून सनदेवर तिचे नाव चढवून घ्यावे.

हे कलम रामकिशन वाचून दाखवीत असता बाणूबाई चुलीपुढून उठून आली.

"मेल्यावर कागद वाचून मला काय करायचंय?"

रामकिशन म्हणाले, "अक्का, कागदावर आलं की पक्कं होतंय."

"कागदावर यांचंच नाव हाय की नऊ वर्सं. तवा चारचौघांत बोलला न्हवं? आता बी चारचौघांत बोला. तोंडानं."

तिचे म्हणणे रास्त आहे. कलम चौथे तसेच ठेवावे. मी ओट्यावर जाऊन बोलून येतो, मग अंगठा करतो.

मुक्काम बीदर. चैत्र शुद्ध पंचमी, शके १८६३, फसली १३५०.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, काशाप्पा बिन बसवंतप्पा.

साक्ष: आम्ही खाली सही करणार लिहून देतो की, काशाप्पा यांनी आम्हा दोघांच्या खांद्यांचा आधार घेऊन ओट्यावर उभे राहून, "घुमटाचा चुना बाणूबाईनं केला, मी साहेबाफुडं खोटं बोललो," असे गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितले. त्यावर बाणूबाई यांनी "आणखी एकदा" असे म्हटल्यावरून त्यांनी तेच पुन्हा सांगितले. आम्ही दोन्ही वेळा ऐकले.

चनमल्लप्पा, चुनाभट्टीवाले
रामकिशन, अर्जनवीस