रक्त तपासल्याशिवाय घराची किल्ली नाही

मी, मंदाबाई ताराचंद वैरागडे, वय अंदाजे बहात्तर, शिक्षण दुसरी, राहणार नालवाडी, वर्धा, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला समोरच्यात दम लागतो. मी सांगितले ते अर्जनवीस डोमाजींनी लिहिले व मला वाचून दाखवले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मिरची कांडायचे यंत्र मोटरसह माझी सून कोकिळा हिला. तिचा नवरा, माझा कैलास, एक्केचाळिसाव्या वर्षी बसल्या जागी गेला. तेव्हा तेरवीच्या पंगतीत बुंदी दोनदा वाढून घेणारे लोक तिला पांढऱ्या पायाची म्हणाले. त्यांची मिरची तिने कांडून देऊ नये. नावे तिला पाठ आहेत.

२. नणंद विमलाबाई, राहणार सेलू, हिला काही नाही. कारण लिहिते, नाहीतर ती स्वतःचे कारण गावभर सांगेल. माझे यजमान सेहेचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले, दीर चव्वेचाळिसाव्या. दोन्ही वेळा ही बाई मयताजवळ बसून म्हणाली, "वहिनी, तुह्या तिखटानं माह्ये भाऊ खाल्ले." तीस वर्षे मी हे ऐकले. गेल्या पोळ्याला हिच्याच छातीत कळ आली. सावंगीच्या दवाखान्यात दोन नसा तुंबलेल्या निघाल्या. आणि ही तर जन्मभर अळणी, फिके खाणारी!

डॉक्टरने घरात कोण कोण गेले ते विचारले. मी बोटावर मोजले. तो म्हणाला, "आजी, तिखटाला दोष देऊ नका. काही घराण्यांत रक्ताची ठेवणच अशी असते, की नसेच्या आतून सूज लवकर येते आणि उतरत नाही. तिथे चरबीचा थर बसतो. तो फुटला की गुठळी होते, रस्ता बंद."

"मंग सगळेच मरते का?"

"नाही. धोका जास्त, एवढेच. आधी कळले तर औषध आहे."

पलंगावरून विमलाबाई म्हणाली, "डॉक्टरले काय समजते!" नसा मात्र त्याच्याचकडून मोकळ्या करून घेतल्या.

३. नालवाडीचे घर मी कांडपाच्या कमाईवर बांधले. ते नातू निकेश, कैलासचा मुलगा, वय एकोणतीस, याला. अट अशी, की त्याने रक्तातली चरबी व सूज तपासून घ्यावी आणि कागद आईच्या हाती द्यावा. न केल्यास घर कोकिळाचे. हा मिरचीचे पोते उचलले की उंबऱ्यावर टेकतो आणि धाप जिरवायला सिगारेट पेटवतो. असा अक्कलवान. तीनदा सांगितले, तर म्हणतो, "आजी, रिपोर्टात काई निघालं तं पोरगी कोन देईन मले?"

पोरगी ठरली आहे. सेलूच्या रूपराव साटोणे यांची हर्षा. तिला यातले काही सांगितलेले नाही. मलाही सांगितले नव्हते. मी चौदा वर्षांची असताना मध्यस्थ म्हणाला, सासऱ्याला साप चावला आणि चुलतसासरा तापाने गेला. या घरात अठ्ठावन्न वर्षे काढली, साप पाहिला नाही. आणि निकेशच्या बोलणीत मीही चहा ओतत गप्प बसले. ती लाज माझी, दुसऱ्या कोणाच्या वाट्याला देत नाही.

४. म्हणूनच साक्षीला रूपरावजींना बोलावले व वरील सर्व वाचून दाखवले.

ते म्हणाले, "मंदाबाई, हे बोलणीत काऊन नाई सांगितलं?"

मी म्हटले, "भेली होती. आता सांगून राह्यली."

निकेश उठून उभा राहिला. "आजी, तू माह्यं लग्न मोडून राह्यली!"

"नाई रे. त्या पोरीचं रंडकेपण मोडून राह्यली. बस खाली."

हे सर्व डोमाजींना लिहायला लावले. ते म्हणाले, मृत्युपत्रात असे नसते. माझ्या मृत्युपत्रात असते.

ठिकाण: नालवाडी, वर्धा
दिनांक: २१ नोव्हेंबर २००६

मंदाबाई ताराचंद वैरागडे (अंगठा नाही, सही)

साक्षीदार:
१. नानाजी हिवरकर, शेजारी (सही)
२. रूपराव साटोणे, सेलू (सही)

सहीखाली रूपरावजींच्या हातचे: निकेशराव, उद्या काही न खाता तयार राहा. सकाळी सात वाजता मी गाडी घेऊन येतो.