विधवेला तांबी

४ जून २००९
नातू शाळेत जायलाय आन माझं अंगावरनं जाणं थांबंना. आज बीदरला. डॉ.बाईंनी तपासणीचा कागद बघितला. पिशवीचं आतलं अस्तर जाड झालंय. अजून कॅन्सर न्हाई, पण तसंच सोडलं तर तिकडं वळू शकतंय. मी म्हटलं, काढा पिशवी. आमच्या गल्लीत पिशवी शाबूत असलेली बाई हुडकावी लागती.
“अक्का, तुमच्या हृदयाची झडप खराब आहे. भूल झेपायची नाही.”
मग तांबी बसवली. मूल होऊ नये म्हणून बसवतात तसलीच, पण औषधाची. आत बसून थोडं थोडं औषध सोडती, अस्तर पातळ करती. सहा महिन्यांनी परत तपासणी.

९ जून
सुनंदानं, म्हणजे आमच्या सुनेनं, गंगूला सांगितलं. गंगू माझी धाकटी जाऊ. हापशावर सगळ्यांदेखत विचारती, “अक्का, भावजी जाऊन किती वर्षं झाली. आता तांबी कुणासाठी वं?”
बाया पदरात हसल्या.
“तुझ्या नवऱ्याला विचार.”
हसणं बंद. घागर तिथंच टाकून गेली.

११ जून
गंगूचा नवरा, दीर हणमंत, दारावरनं गेला, मान खाली. गंगू माहेरी जाते म्हणायलीय. बोलले ते बोलले. आता गिळता येत न्हाई.

२० जुलै
अंगावरचा पूर ओसरला, हे खरं. पण ठिपका रोज. डॉ.बाई म्हणाल्या होत्या, सुरवातीला काही महिने दिसंल, घाबरू नका. घाबरतंय कोण? ठिपका दिसला की बाहेर बसायचं, चौथ्या दिवशी न्हाऊन आत. माझा चौथा दिवसच येईना. ओसरी, पोतं, वेगळी ताटली.
म्हटलं, “सुनंदे, पीठ बघू दे, जाड दळलंय.”
“शिवू नका आत्या. कायदा तुमचाच हाय.”
जीभ लई चालायलीय.

१६ ऑगस्ट
पुण्याहून मारुतीचा फोन. लेक हाय का सरपंच? “काकाला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस. दिवाळीला येतो, काढून आणू.” जसा काय दुखरा दात.
“आन अस्तर?”
“देवाच्या हातात.”
देवाच्या ठाण्यात तर पाय ठेवू देईनात.

८ सप्टें.
बीदर. तांबी जागेवर हाय. डॉ.बाई म्हणाल्या, ठिपके औषधाचे, पाळी न्हवं. विचारलं, मग चूल शिवू का?
“ते मला का विचारता? घर तुमचं.”
घर माझं. व्हय. ओसरीपर्यंत.

१७ ऑक्टो.
मारुती आला. हणमंतला हात धरून आणलं. हणमंत माझ्याकडं न बघता म्हणाला, “ती वस्तू निघाल्याबिगर ह्या घरचं पाणी पिणार न्हाई.” मारुतीनं जीप सांगितली. मला कुणी विचारलं न्हाई. फराळ ओसरीवर आला, वेगळ्या ताटलीत.

२० ऑक्टो.
सकाळी जीप. मारुती दवाखान्यात येणार, पण पडद्याच्या आत मी एकटीच जाणार. आत काय झालं ते मी सांगीन तेच खरं. ‘काढली’ म्हटलं की हणमंत पाणी पिईल. मग ठिपके तेवढे लपवायचे, सुनंदाच्या नजरंखालून. तिला चुकवणं सोपं न्हाई.
जीपवाला हॉर्न वाजवायलाय. काय सांगावं...