बुबुळं नसलेला माणूस

प्रिय किसना,

उशीर झाला, माफ कर. तू गेल्यावर संत्र्याचे दोन बहर येऊन गेले आणि मी आज लिहायला बसलो, तेही अडलं म्हणून. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, तूच जुळवून वाच. उजवा डोळा वैदूच्या सुईनं गेला, ते तुझ्या देखतच. आता डाव्यातही मोतीबिंदू पिकला आहे. परवा मुलगा मला ऑपरेशनसाठी अमरावतीच्या दवाखान्यात नेणार आहे.

मागच्या खेपेला तिथले डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आतलं धुरकट भिंग काढून टाकू. मग उजेड थेट आत जाईल." मुलाला हायसं वाटलं. मला मात्र तुझ्या कादंबरीतला तो अदृश्य माणूस आठवला.

ती कादंबरी तू अकोटहून आणलीस आणि आमच्या विहिरीपाशी बसून मला वाचून दाखवलीस. औषध पिऊन तो माणूस काचेसारखा आरपार होतो, पण त्याची दोन काळी बुबुळं हवेत तशीच राहतात. मी हसलो तर चिडलास. "अबे, डोयाच आरपार झाला तं उजेड थांबन कुठं? त्याले दिसन कसं? लिहिणाऱ्यानं इचार केला हाये."

मग बडनेऱ्याला तंबूत त्या कादंबरीचाच सिनेमा लागला. त्यात बुबुळं नव्हतीच. नुसता रिकामा कोट जिने चढत होता. तू उभा राहून म्हणालास, "याची बुबुळं कुठं गेली? हा तं आंधया हाये." मागून कोणीतरी बोललं, "बुढ्या, बस खाली. तुह्या डोक्यापायी आमीच आंधये झालो." सगळा तंबू हसला. घरापर्यंत तू माझ्या दहा पावलं पुढंच चाललास. एवढं काय रे मनाला लावून घ्यायचं?

आता मीच लावून घेतलं आहे. भिंग काढल्यावर उजेड सरळ आत शिरला आणि सरळ निघून गेला तर? मुलाला विचारलं, तर म्हणतो, "बाबा, सिनेमा काहून घेऊन बसले?" डॉक्टरांना विचारायची लाज वाटते. तू असतास तर कोणाला विचारावं लागलं असतं का?

त्याच तंबूत एकदा वाऱ्यानं पडदा फाटला होता, आठवतं? चित्र फटीतून निसटलं आणि मागच्या कडुनिंबात विरून गेलं. "मशीन किती बी साफ असो, पडदा पाह्यजे," तू म्हणाला होतास. म्हणजे डोळ्यातही मागं पडदा असणार. डॉक्टर भिंग काढतील, पडद्याला हात लावणार नाहीत. बरोबर ना? पण इतकी वर्षं अंधारात पडलेला माझा पडदा शाबूत आहे की फाटला, हे कोण सांगणार?

पट्टी सुटल्यावर दिसलं, तर तुझी कादंबरी मी स्वतः वाचीन. अक्षराला अक्षर जोडत, मोठ्यानं, त्याच विहिरीपाशी. बुबुळांचं पान सगळ्यात आधी. हा माझा शब्द.

पण गाडी जुंपायच्या आत काहीतरी कळव. स्वप्नात आलास तरी चालेल. तिथं मला अजून दिसतं.

तुझी वाट पाहणारा,
महादेव