बांधाच्या कोपऱ्यात काही नाही

चिटगुप्पा, ५ जुलै २०२४

ती. नलिनीअक्कास,
नरहरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पुन्हा कागदाला शरण आलो. गावचा नवा विकास आराखडा लागलाय. त्यात आमच्या गल्लीतून साठ फुटी रस्ता दाखवलाय आणि अकरा घरं त्याखाली जातात. आपलं वाचतं, पण गुरुशांतप्पांचं, अक्कम्माचं मुळासकट जातं. अक्कम्मा रोज येऊन विचारते की मास्तर, माझ्या चुलीवरून मोटारी जायच्या का?

मी पडलो निवृत्त भूमितीचा मास्तर, म्हणजे गल्लीचा फुकटचा वकील. बदल सुचवायला मुदत आहे. फूटपट्टी घेतली आणि दुसरी रेघ काढली: रस्ता ओढ्याकडून वळवून आपल्या अप्पांच्या शेताच्या दक्षिणेच्या कोपऱ्यातून न्यायचा. एकही घर जात नाही. फक्त तुझी खडकाजवळची जागा जाईल, जिथं तू एकटी बसून हुरडा संपवतेस. खादाडबाईंनी माफ करावं.

शेत आपल्या दोघांच्या नावावर आहे. सोबतच्या संमतीपत्रावर सही करून पाठव. सुनावणी १ ऑगस्टला आहे.

लोभ आहेच, सहीही असावी.
तुझा नरहरी

कलबुर्गी, १३ जुलै

चि. नरहरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघे कुरकुरतात. माझ्या सुधींद्रनं कानाचं नवं यंत्र आणलंय, त्यात माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. बायकोला सांग, ज्वारीचे पापड संपले.

रस्ता नक्की कुठून जातो? खडकाच्या अलीकडून की पलीकडून? नीट मोजून कळव. सहीचं बघते, घाई करू नकोस.

सगळ्यांना आशीर्वाद.
अक्का

चिटगुप्पा, १९ जुलै

ती. अक्कास,
न. वि. वि.

अलीकडून, खडकाला लागूनच. पण तुला काय फरक पडतो, तेच कळत नाही. अर्जात ‘सदर जागेत काय आहे’ असा रकाना होता, तिथं मी ‘काही नाही’ असं लिहून मोकळा झालो. अडलंय ते तुझ्या सहीवर.

राग मानू नकोस, पण गल्लीत कुजबुज सुरू झालीय की अक्काच्या मनात जमीन विकायचं आहे. मी त्यांना झापलं. मात्र काल अक्कम्मानं काही न विचारता नुसतं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला तुझाच राग आला. तेरा दिवस राहिले.

लोभ ठेव, मौन सोड.
नरहरी

कलबुर्गी, २४ जुलै

चि. नरहरीस,
आशीर्वाद.

सही केली आहे. कागद सोबत आहे. आता पुढचं वाच आणि मग विसरून जा.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तेव्हा तू बिदरला बोर्डिंगात होतास. मूल वाचलं नाही, एवढंच तुला कळवलं. मुलगी होती. नऊ दिवस होती. तान्ह्याला अग्नी देत नाहीत. अप्पांनी तिला शेतात नेलं आणि परत येऊन मला एवढंच सांगितलं की खडकाच्या अलीकडे, सावलीला. वर खूण ठेवायची नसते, म्हणून ठेवली नाही. घरात पुन्हा कुणी विषय काढला नाही.

हुरडा मला कधीच आवडला नाही रे. तिथं जाऊन बसायला काहीतरी निमित्त लागायचं.

अक्कम्माची चूल आज पेटते आहे, ती राहिली पाहिजे. पण तू ‘काही नाही’ लिहिलंस ते वाचलं आणि सहीचा कागद दोन दिवस उघडला नाही. तुझा दोष नाही.

अक्का

चिटगुप्पा, २ ऑगस्ट

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दर संक्रांतीला मी तुला चिडवत होतो. त्याची क्षमा कशी मागायची, ते मला येत नाही.

काल सुनावणी झाली. तू विसर म्हणालीस, पण साहेबांनी विचारलं की जागेत खरंच काही नाही ना, तेव्हा माझ्या तोंडून ‘नाही’ निघेना. चाळीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. मी म्हणालो की तिथं माझी भाची आहे. साहेबांना वाटलं, कुणी झोपडी बांधून राहते. मग सगळं सांगावं लागलं. अक्का, तुला न विचारता सांगितलं.

मग गुरुशांतप्पा उठले आणि म्हणाले की मास्तर, हे आधी कामून न्हाई सांगितलं, त्या कोपऱ्याशेजारी माझा गोठा हाय तो जाऊ द्या, पर रेघ तिकडं सरकवा. साहेबांनी लिहून घेतलं. वर मंजूर होईल की नाही, देव जाणे. मला तर धास्तीच वाटते.

एक अडचण आहे. तो कोपरा नकाशात मोकळी जागा म्हणून राखायचा, तर त्याला नाव लागतं. आठ दिवसांत कळवायचं आहे. बारशाआधीच गेली ती. मी मामा, मला नाव ठेवायचा हक्क नाही. काय लिहू?

उत्तराची वाट पाहतो.
नरहरी

कलबुर्गी, ६ ऑगस्ट

चि. नरहरीस,
पोटभर आशीर्वाद.

नाव आत्यानं ठेवायचं असतं, म्हणून काल वच्छलावन्संकडे गेले. त्यांना आता ऐंशीवं लागलंय. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्या वेळी त्यांनी कुंची शिवून ठेवली होती आणि नावही ठरवलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

वन्संनी रीतीप्रमाणे ते हळूच कानात सांगितलं, माझ्या. मला ऐकूच येईना. मग त्यांनी तीनदा मोठ्यानं सांगितलं. सगळ्या घराला ऐकू गेलं.

नकाशात मंजुश्री लिही.

तुझी अक्का