गन माझी, ठोकळा वन्संचा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा व्यवसाय बसगाड्यांच्या सीटची शिलाई, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात स्थिर आहेत, आणि मला ऐकू कमी येत असले तरी कोणी माझ्या कानाशी लागून हे लिहवून घेतलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एक गोष्ट लिहायची राहिली होती, आणि ती तशीच ठेवून मला जायचे नाही.

कलम १. राहते घर, मागच्या शेडसह, माझ्या मुलाला द्यावे. त्याच्या खोलीत विमानाचा डावा पंख ठेवल्यामुळे त्याला शाळेची शेवटची तीन वर्षे बाहेरच्या खोलीत झोपावे लागले. तो अजून हे पाहुण्यांना सांगतो. आता सगळ्या खोल्या त्याच्या. कोणत्या खोलीत झोपायचे ते त्याने ठरवावे.

कलम २. बँकेतल्या ठेवी मुलगा आणि मुलगी यांच्यात सारख्या वाटाव्यात. त्यावरून भांडू नये. भांडायचेच असेल तर निदान एखादे बरे कारण शोधावे.

कलम ३. मोठी रिव्हेट गन. ही कोपऱ्यावरच्या हत्यारांच्या दुकानदाराला परत करावी. त्याला सगळे खात्रीवाला म्हणतात, कारण प्रत्येक वस्तू देताना तो 'खात्रीचा माल' म्हणतो.

हे जरा समजावून सांगते. माझे यजमान नकाशा कचेरीत आरेखक होते. एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांनी दोन माणसांचे विमान घरीच बांधायला घेतले. विमान म्हणजे पातळ पत्रा आणि हजारो रिव्हेट. रिव्हेट भोकात घालायचा, बाहेरून एकाने त्याच्या मुंडीवर गन चालवायची, आणि आतून दुसऱ्याने त्याच्या शेपटीवर जड ठोकळा दाबून धरायचा. म्हणजे शेपटी चेपून बसते आणि पत्रे कायमचे जोडले जातात. हे काम एकट्याचे नाही. हे अंगाने सडपातळ, कुठेही शिरायचे, म्हणून ठोकळा त्यांच्याकडे आणि गन माझ्याकडे आली.

खात्रीवाल्याने आम्हाला ही गन दिली. म्हणाला, "ताई, हिने पूल जोडतात, तुमच्या विमानाची काय कथा!" पहिल्याच रिव्हेटला पत्र्यात वाटीएवढा खळगा पडला. आम्ही तो पत्रा दाखवायला नेला, तर माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणतो, "साहेब, बाईंचा हात जड आहे."

माझा हात जड नव्हता. गन जड होती. पुलाचे हत्यार पुलाला. गनसोबत तो खळग्याचा पत्राही त्याच्या दुकानात पोचवावा. तो हयात नसेल तर त्याच्या मुलाला द्यावा. तोही खात्रीच देत असतो.

कलम ४. लहान रिव्हेट गन, तिची सगळी तोंडे, आणि शेपटी मोजायची मापपट्टी माझ्या मुलीला द्यावी.

ही मी स्वतः निवडली. सात गना हातात घेतल्या. दुकानातला माणूस ताकद सांगत होता, मी घोडा दाबून बघत होते. शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय किती दाबला की सुई एकच टाका घेते, हे मला वीस वर्षे ठाऊक होते. तसा हलका दाब ज्या गनला कळला, जी अर्ध्या घोड्यावर हळू टुकटुकली, ती मी घेतली. हे बाहेर आल्यावर म्हणाले, "तू गन घेतलीस की मशीन?" मी म्हटले, "दोन्ही एकच."

मुलीला सूचना: सकाळी तेलाचे दोन थेंब. हवेचा दाब आधी टाकाऊ पत्र्यावर जुळवून घ्यायचा, मग कामावर. गन कशावरही न टेकवता कधीही चालवायची नाही, पुढचे तोंड गोळीसारखे सुटते. आणि शेपटी रुंदीला रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट, उंचीला निम्मी. तिरकी असेल तर काढायची. मन मोठे करायचे नाही.

त्या रविवारांची मला फार आठवण येते. हे विमानाच्या शेपटाच्या पोकळीत शिरलेले, फक्त पायमोजे बाहेर दिसत. आतून एकदा टकटक म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे अजून थोडे, तीनदा म्हणजे बिघडला. कधी चारदा टकटक यायची. ती चहासाठी. घरात आम्ही फारसे बोलणारे नव्हतो. तिथे मात्र दिवसभर बोलत असू.

कलम ५. ठोकळे. पोलादाचे चारही ठोकळे विमानाबरोबर राहावेत. टंगस्टनचा लहान ठोकळा, साबणाच्या वडीएवढा पण उचलताना मनगट खाली नेणारा, माझ्या नणंदबाईंना द्यावा.

वन्सं ह्यांच्या थोरल्या बहीण, टेलिफोन कचेरीत होत्या. सांगाडा उभा राहिला त्या दिवशी त्या शेडच्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "माझ्या भावाला मारायचं यंत्र तू घरात बांधते आहेस." मी म्हटले, "तुमच्या भावाला विचारा कोण बांधतंय." त्यानंतर नऊ वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

नवव्या वर्षी एका सकाळी मी उजव्या पंखात हात घालून शेपट्यांच्या ओळीवरून अंगठा फिरवला. शेपट्या कलंडलेल्या. मापपट्टी लावून मोजल्या. एकसष्ट निघाल्या. आतून टकटक मात्र एकदाच आलेली होती, प्रत्येक वेळी. मग ध्यानात आले. ह्यांचा चहाचा कप बशीवर वाजू लागला होता. केसासारखी बारीक रेघ ओढणारा हात थरथरत होता, आणि ते मला सांगत नव्हते.

त्याच आठवड्यात हाताच्या तपासण्यांसाठी ते सहा दिवस इस्पितळात राहिले. मुलगी त्यांच्यापाशी थांबली. मी वन्संच्या दारात गेले. जिन्यावर चार वाक्ये जुळवली होती, ती सगळी विसरले.

म्हटले, "वन्सं, पंख कच्चा राहिलाय. ठोकळा धरायला माणूस हवं. त्यांना कळता कामा नये."

त्यांनी दार पूर्ण उघडले. मग म्हणाल्या, "ते उडू नये असंच मला अजून वाटतं. पण उडणारच असेल तर पडू नये. चप्पल घालते, थांब."

मी एकेक मुंडी ड्रिलने उडवून जुना रिव्हेट काढायची, नवा बसवायची, आणि वन्सं पंखाच्या भोकातून कोपरापर्यंत हात घालून ठोकळा धरायच्या. मोठा ठोकळा त्यांना आत वळेना, म्हणून हा टंगस्टनचा दिला. पहिल्या दिवशी चार बिघडले. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "घोडा दाबायच्या आधी सांगत जा. टेलिफोनवरसुद्धा आम्ही आधी 'जोडते' म्हणायचो." त्यानंतर मी प्रत्येक वेळी "जोडते" म्हणाले. पाचव्या दिवशी दुपारी एकसष्टावा बसला. त्यांचा हात खरचटून लाल झाला होता. मी औषध लावू लागले तशा त्या रडल्या, आणि मग मीही.

हे घरी आले. पंखापाशी उभे राहून त्यांनी तळहात फिरवला आणि म्हणाले, "छान झालंय." उभ्या जन्मात त्यांनी स्वतःच्या कामाला छान म्हटले नव्हते. त्यांना कळले होते की नाही, मला माहीत नाही. मी विचारले नाही. आता विचारायला कोणी नाही.

कलम ६. विमान माझ्या मुलीचे, कारण ते तीच चालवते. पहिले उड्डाण शेतांवर औषध फवारणाऱ्या एका जुन्या वैमानिकाने केले. दुसऱ्या वेळी त्यांच्या शेजारी हे बसले. गवताच्या कडेला वन्संनी माझे मनगट असे धरले होते की बोटांचे वळ उठले. विमान खाली आले, आणि हे नंतर पाच वर्षे जगून आपल्या अंथरुणात, झोपेत गेले.

विमानाच्या कामाच्या वहीत ह्यांच्या अक्षरात लिहिले आहे की उजव्या पंखाचे सर्व रिव्हेट आम्ही दोघांनी बसवले. ही नोंद खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे मी अठरा-वीस वर्षे जाणून आहे. त्यांचा शब्द खोटा पाडायला माझा हात धजला नाही. पण उद्या हे विमान परक्याच्या हाती गेले, तर त्या माणसाला खरे कळायला हवे. म्हणून मुलीने बाबांची ओळ न खोडता तिच्याखाली माझ्या वतीने लिहावे:

"उजवा पंख, खालची बाजू. एकसष्ट रिव्हेट काढून नव्याने बसवले. गन: पत्नी. ठोकळा: थोरली बहीण. सर्व तपासले, सर्व ठीक."

हे मी वाचून पाहिले आहे आणि ते माझेच म्हणणे आहे.

ठिकाण: राहते घर, मागची शेड. दिनांक ९ मार्च, सकाळी अकरा.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिले: समोर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक (सही)

साक्षीदार दुसऱ्या: औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)

टीप: ज्यांना मृत्युपत्रात काही मिळते त्यांनी साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितल्यामुळे वन्संची सही घेतलेली नाही. वय ब्याऐंशी. त्या शेजारच्या खुर्चीवर बसून सगळे ऐकत होत्या. त्यांचे म्हणणे एवढेच, की पहिल्या दिवशी बिघडलेले चार नव्हते, तीन होते. मी चार म्हणते.